आत्यांचा अंगठा आणि अप्पांची खुर्ची

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला आमची सोसायटी आहे. फ्लॅटची नव्हे, प्लॉट आणि रो-हाऊसची. ८४ सभासद, तीन गल्ल्या, मधोमध मोकळी जागा, एक बोअर आणि एक उंच टाकी. सासरे मिलमध्ये जॉबर होते, त्यांनी पगारातून हप्ते भरून हे घर घेतलं. ते गेल्यावर घर आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या नावावर झालं. आत्या शाळेत गेलेल्या नाहीत. सही येत नाही, अंगठा देतात. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

चेअरमन अप्पा. सोळा वर्षं अप्पाच. त्यांच्याबरोबर तेच सेक्रेटरी, तेच खजिनदार, आणि कमिटीत बाकीची नावं कुणाची हे खुद्द त्या नावांच्या माणसांनाही नीट माहीत नव्हतं. बाहेरच्याला वाटेल, सोसायटीचा चेअरमन म्हणजे कसली सत्ता? त्यानं उन्हाळ्यात सोलापुरात राहून बघावं. शंभरएक किलोमीटरवरच्या उजनीतून येणारं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. मधले दिवस बोअरवर काढायचे. बोअरच्या स्टार्टरला कुलूप, कुलपाची किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन अप्पांचा. पहिल्या गल्लीला, जिथं अप्पांचं घर, पाणी दोन तास. आमच्या तिसऱ्या गल्लीला टाकीत राहील तेवढं.

पण पाण्यानं माणूस फक्त चिडतो. दबतो तो एनओसीनं, म्हणजे सोसायटीच्या ना-हरकत पत्रानं. घरावर कर्ज काढायचंय, एनओसी. घर विकायचंय, एनओसी आणि शेअर ट्रान्सफर, म्हणजे सभासदत्व नव्या मालकाच्या नावावर करणं. आमच्याकडं निम्म्या लोकांनी मागं एक खोली वाढवलेली आहे, पुढं जिना काढलेला आहे. अप्पा कुणाला कधी नोटीस पाठवत नसत. फक्त सकाळी फिरायला निघाले की एखाद्याच्या जिन्यापाशी थांबून वर बघत आणि म्हणत, "चांगलं झालंय की काम." एवढं पुरायचं.

सुरुवात एका पावतीवरून झाली. मोकळ्या जागेत लग्नाचे मांडव पडायचे, वाढदिवस व्हायचे, बाहेरचे लोक भाडं द्यायचे. ते भाडं कुठं जमा होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी मेंटेनन्स वाढवला आणि वर 'पाणी वर्गणी' म्हणून वेगळे पैसे लावले. माझं सात रस्त्याजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हरकती टाईप करते. दुसऱ्यांच्या भांडणांची कागदपत्रं करून करून मला एवढं कळलं होतं की तोंडी विचारलेल्याला अर्थ नसतो. म्हणून मी अर्ज लिहिला. सहकारी संस्था अधिनियम १९६०. सभासदाला ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्तं संस्थेच्या कार्यालयात फुकट बघायचा हक्क आहे. मधली कुठली परवानगी लागत नाही.

अर्ज घेऊन सेक्रेटरींकडे गेले. ते हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सभासद आहात का?"

नव्हते. घर आत्यांचं. सुनेला सभासदाच्या दप्तराशी काय घेणं? घरी येऊन अर्ज पुन्हा आत्यांच्या नावानं टाईप केला, खाली 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' आणि शेजारी साक्षीदाराची सही. स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवून आत्यांनी कागदावर उठवला आणि शाई पदराला पुसली. "कशाला गं अप्पाच्या मागं लागलीस," एवढंच म्हणाल्या. अर्ज घ्यायला सेक्रेटरी तयार झाले, पोच द्यायला नाही. "घरातल्या माणसांत कसली पोच?" मग अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला, पोचपावती लावून. दोनशे पावलांवरच्या घराला पोस्टानं पत्र पाठवल्याची चर्चा तिन्ही गल्ल्यांत झाली, आणि तिचा जो व्हायचा तो परिणाम झाला. भाजीवाल्यापाशी दोन बायकांनी हळूच विचारलं, "काय काढलाव हो वहिनी? आमालाबी सांगा की."

दप्तर बघायला बोलावलं ते अप्पांच्या हॉलमध्येच, कारण सोसायटीचं कार्यालय तेच. आत्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला. मी शेजारी, 'मदतनीस' म्हणून. सभासद स्वतः हजर म्हटल्यावर मला बाहेर काढता येईना. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्तांची वही, पुढं आलं. शेवटची निवडणूक 'बिनविरोध' झाल्याची नोंद होती, तारीख सहा-सात वर्षं जुनी. त्या सभेच्या हजेरीत पानभर सह्या. मी बोट फिरवत खाली आले आणि आमच्या घराच्या आकड्यापाशी थांबले. आत्यांच्या नावापुढं निळ्या शाईत वळणदार सही होती. शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढलेली. आणि नावाच्या आधी 'सौ.'.

सासरे त्या तारखेच्या कितीतरी आधी गेले होते.

मी ते वाचून दाखवलं. आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. खोट्या सहीचं त्यांना काही वाटलं नसावं, सह्या हा प्रांतच त्यांचा नव्हे. त्या म्हणाल्या, "मुडद्यांनी मला सवाष्ण केलं की गं." सेक्रेटरी प्रोसिडिंग बुक मिटायला लागले तर आत्यांनी त्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून "कशाला मागं लागलीस" बंद झालं.

इथं अप्पांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तो नुसता खलनायक वाटेल. अप्पा बोलायला गोड, अडीअडचणीला धावणारा माणूस. दरवर्षी झेंडावंदनाला त्यांचं भाषण ठरलेलं, विषयही ठरलेला: १९३० चं सोलापूर. ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा कसा चढला. मे महिन्यात पोलिसांच्या गोळीबारानंतर शहर कसं पेटलं आणि ९ ते ११ मे इथं इंग्रजांचा अंमल कसा नावालाही उरला नाही. १२ मेला मार्शल लॉ कसा पुकारला. आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे चौघे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात कसे फासावर गेले. "आपण सोलापूरकर. आपल्याला कुणी दाबून ठेवू शकत नाही," हे शेवटचं वाक्य. त्यावर टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक असे, ज्यांना एनओसीसाठी अप्पांच्या ओट्यावर दुपारभर बसावं लागलेलं. मीही वाजवल्यात. भाषण खरंच चांगलं असायचं.

तर आम्ही ठरवलं, विशेष सर्वसाधारण सभा मागायची. कलम ७६. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीनं महिन्याच्या आत सभा बोलवायची. ८४ चा पाचवा हिस्सा म्हणजे १७ सह्या. सोपं वाटलं. संध्याकाळी दुकान बंद करून मी आणि तिसऱ्या गल्लीतले एक गणिताचे सर घरोघर फिरायला लागलो. सर मला आधीपासून आवडायचे. मुद्देसूद बोलणं, हाताशी डायरी. लोक सही करायचे, शेंगाचटणी-भाकरी खाऊन जा म्हणायचे, आणि दोन दिवसांनी फोन करायचे, "वहिनी, तेवढं माझं नाव राहू द्या." कारण विचारायची गरज नसायची. ज्याच्या मुलाचं कर्ज मंजुरीला आलंय, त्याला सेक्रेटरींचा फोन गेलेला. ज्याचा जिना, त्याच्या जिन्यापाशी अप्पा थांबलेले. एका मावशींनी मात्र सही काढून घ्यायला नकार दिला. त्या म्हणाल्या, "माझं घर पडकं हाय, त्याला काय वाढवणार आन काय पाडणार." ज्याच्याकडं सोसायटीकडून मागण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, तोच टिकला. सह्यांची यादी बघितली तर बहुतेक विधवा, पेन्शनर आणि कर्ज फेडून मोकळे झालेले.

तरी सह्या भरल्या. मागणी दिली. महिना गेला, सभा काही बोलावली नाही.

आमच्यातल्या तरुण पोरांचं म्हणणं, अविश्वास आणू. टीव्हीवर बघून बघून प्रत्येकाला हा शब्द पाठ. पण सोसायटीत चेअरमनवरचा अविश्वास सभासद आणत नाहीत. तो कमिटीतच मांडावा लागतो, तिथल्या एक तृतीयांशांनी मागणी करावी लागते आणि दोन तृतीयांशांनी मंजूर. म्हणजे अप्पांच्या कमिटीनं अप्पांना काढायचं. त्यावर खूप वाद झाला, चहा झाला, पुन्हा वाद झाला.

गाठ सुटली ती माझ्या दुकानात. सहकार खात्यातून निवृत्त झालेले एक लेखापरीक्षक कागद झेरॉक्स करायला येतात. आमचा अर्ज काउंटरवर होता, तो त्यांनी न विचारता वाचला. ही त्यांची जुनी सवय. मग चष्मा काढून म्हणाले, "अहो, कमिटीची मुदत पाच वर्षं. ती संपून गेली. अविश्वास आणताय कुणावर? कायद्यानं जी कमिटी नाहीच, तिच्यावर?" कागद परत देताना म्हणाले, "सत्तेवर कोण आहे ते विचारू नका. कशाच्या आधारावर आहे ते विचारा."

मुदत संपली आणि नवी कमिटी आलीच नाही, तर कलम ७७अ खाली सहकार खात्याचा निबंधक कमिटीच्या जागी कारभार बघायला प्राधिकृत अधिकारी नेमू शकतो. त्याला एक पंचमांश सह्याही लागत नाहीत. आम्ही जिन्यावाल्यांची मनधरणी करत फिरत होतो ते ज्या कामासाठी, ते एका अंगठ्यावर होण्यासारखं होतं.

मी अर्ज टाईप केला. सगळा राग त्यात घालावासा वाटत होता: पाणी, मांडवाचं भाडं, जिने, दोन तासांची पहिली गल्ली. लेखापरीक्षक काकांनी लाल पेनानं ते सगळं खोडलं. उरलं काय? निवडणुकीची तारीख, मुदत संपल्याची तारीख, प्रोसिडिंग बुकातल्या पानाची प्रत आणि विनंती. पान-दीड पान. "वाचणाऱ्याला जेवायच्या आधी संपलं पाहिजे," म्हणाले.

सुनावणीची नोटीस दोन्ही बाजूंना आली. एप्रिलची दुपार, बाहेर डांबर मऊ झालेलं. आत्या नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या होत्या. अप्पा वकील घेऊन आलेले. वकिलांचा पहिला मुद्दा कोरोनाचा. त्या काळात सरकारनं सहकारी संस्थांच्या निवडणुका वारंवार पुढं ढकलल्या होत्या, हे खरंच. पण ते पुढं ढकलणं कधीच संपलं होतं आणि इतर सोसायट्यांच्या निवडणुका होऊनही गेल्या होत्या. दुसरा मुद्दा, सगळे सभासद खूष आहेत, निवडणूक बिनविरोधच होते, या बाईंची स्वतःची सही आहे हजेरीवर.

अधिकाऱ्यांनी प्रत बघितली. मग आत्यांपुढं कोरा कागद सरकवला, "आजी, जरा सही करा इथं."

आत्यांनी विचारलं, "पॅड कुठंय?"

वकिलांनी फाईलमध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. अधिकारी काही बोलले नाहीत, समोरच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि पुढची तारीख न देता प्रकरण आदेशासाठी ठेवलं. बाहेर आल्यावर आत्या अप्पांना म्हणाल्या, "ऊन लई हाय, टोपी घाल की रं." अप्पांनी मान डोलावली.

आदेश आला. प्राधिकृत अधिकारी नेमले गेले. आम्ही पेढे वाटले आणि समजलो, झालं. खरा लढा इथून पुढं होता, आणि तो कुणाला दिसलाही नाही, कारण त्यात भाषण नव्हतं, नुसती रजिस्टरं होती.

आधी दप्तर मिळेना. सेक्रेटरी म्हणाले, वाळवी लागली. काही वह्या खरंच वाळवीनं खाल्लेल्या दिल्या, चाळणी झालेल्या; मात्र वाळवीनं नेमकी पावतीपुस्तकंच तेवढी निवडून खाल्ली होती. कलम ८० खाली निबंधक कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत दप्तर जप्त करू शकतो, हे कागदावर लिहून कळवल्यावर एक लोखंडी पेटी अप्पांच्या माळ्यावरून खाली उतरली. त्यात सभासद नोंदवही होती. तीच हवी होती.

मतदार यादी या नोंदवहीवरून होते. 'आय' नमुना ही नोंदवही, 'जे' नमुना ही तिच्यावरून काढलेली यादी. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर ती यादी घेऊन बसलो आणि एकेक नाव घराशी लावत गेलो. तेव्हा अप्पांची सोळा वर्षं कशावर उभी होती ते दिसलं. घरं विकून पुण्याला, हैदराबादला गेलेल्या कितीतरी लोकांची नावं अजून सभासद म्हणून होती. ज्यांनी ती घरं विकत घेतली, जे आमच्या शेजारी वर्षानुवर्षं राहतात, मेंटेनन्स भरतात, त्यांचे शेअर ट्रान्सफरचे अर्ज पेटीत तसेच पडलेले. कुणाला नकार दिलेला नव्हता. नुसता निर्णय घेतलेला नव्हता. राहणारा माणूस मतदार नाही, आणि मतदार आहे तो इथं राहत नाही. पुण्यातल्या माणसाला आमच्या पाण्याचं काय? अप्पांचा एक फोन आला की तो चारचाकीतून येणार, मत देणार, पार्क चौकात जेवून परत जाणार.

मला विचाराल तर मांडवाच्या भाड्यापेक्षा हे जास्त मोठं होतं. पण लोकांना भाड्याचा राग यायचा, याचा नाही. "जे नमुना" म्हटलं की जांभया.

प्राधिकृत अधिकाऱ्यांपुढं खरेदीखतं, जुने अर्ज, पैसे भरल्याच्या पावत्या लावून ट्रान्सफर मार्गी लावायला वेळ गेला. सगळी झाली नाहीत. काहींच्या खरेदीखतातच घोळ, काही घरांत वारसांची भांडणं. जेवढी झाली तेवढ्यांची नावं यादीत आली, हरकती झाल्या, अंतिम यादी लागली.

अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थेची निवडणूक २०१९ च्या दुरुस्तीनंतर संस्थेच्या पातळीवरच होते. आमच्याकडं नामतालिकेवरचे निवडणूक निर्णय अधिकारी आले. शंभरपर्यंत सभासद म्हणून कमिटी ११ जणांची: सर्वसाधारण ६, महिला २, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त व विशेष मागास यांची एकेक जागा. आमचं परिवर्तन पॅनेल. कुठल्याही निवडणुकीत बाहेर असलेल्यांच्या पॅनेलचं नाव हेच असतं, त्यात आमची काही कल्पकता नाही. सर पॅनेलप्रमुख.

छाननीला अप्पांच्या बाजूनं हरकत आली: आमचे चार उमेदवार थकबाकीदार. तीन महिन्यांवर थकबाकी असलेला सभासद कमिटीवर येऊ शकत नाही, नियम बरोबर. थकबाकी कसली? ती 'पाणी वर्गणी'. तिचं बिल कुणालाच गेलेलं नव्हतं, वहीत मात्र आकडे टाकून ठेवलेले. थकबाकीदार ठरवायचं तर आधी बिल देऊन मागितलेली रक्कम लागते, एवढ्या एका मुद्द्यावर तीन अर्ज वाचले. चौथ्याचा मेंटेनन्सच थकलेला होता. तो गेला तो गेलाच, आणि जाताना आम्हालाच चार शिव्या देऊन गेला.

आत्यांनी उभं राहावं म्हणून मी खूप सांगून बघितलं. "मला कशाला बसवताव तिथं," म्हणाल्या. मतदानाला मात्र सकाळी पहिल्या आल्या. प्रतिनिधी पाठवून मत देता येत नाही, सभासदानं स्वतः यावं लागतं. पुण्याच्या गाड्याही आल्या. दोन्ही बाजूंनी चहा, चुरमुऱ्यांची सुशीला, कोपऱ्यात उभं राहून बोटांवर हिशेब. दुपारी वॉचमननं हळूच येऊन मला सांगितलं, "तिसऱ्या गल्लीला आज पाणी जास्त सोडलंय." कुणी सांगितलं विचारलं, तर नुसता हसला. वाऱ्याची दिशा त्याला आमच्याआधी कळली होती.

आमचे सात आले, त्यांचे चार. चारांत अप्पा स्वतः, चांगल्या मतांनी. घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, त्यांनी एक मत अप्पाला दिलंय. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "किल्लारीच्या भूकंपाच्या टायमाला सगळे रात्री उघड्यावर झोपायचो. तुझ्या सासऱ्याला ताप. अप्पानं ब्रेड आन औषध आणून दिलं हुतं. ते ब्रेडचं दिलं." ३० सप्टेंबर १९९३ चं ते मत. बाकीची आमच्या पॅनेलला.

पदाधिकारी निवडायची पहिली सभा पुढच्या आठवड्यात. ठरलं होतं, चेअरमन कोण ते आमच्या सात जणांत बसून ठरवू. बसलो. तिथं सरांचं नाव बहुमतात येईना; दुसऱ्या एका निवृत्त बँक मॅनेजरांच्या बाजूनं पाच जण. सर डायरी मिटून म्हणाले, "सर्वांचा निर्णय मान्य." सभेत मात्र नावं सुचवायची वेळ आली आणि सरांचं नाव सुचवलं ते अप्पांनी. अनुमोदन अप्पांच्या खजिनदारांनी. सर, सरांचा एक मित्र आणि ते चार. सहा विरुद्ध पाच.

मी सभासद नाही, त्यामुळं दाराबाहेर होते. आतून टाळ्या ऐकल्या आणि मला वाटलं आमचेच. बाहेर आलेल्या सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. नंतर फोन करून म्हणाले, "वहिनी, सगळ्यांना बरोबर घेऊन जायचं होतं." राज्यात कुणी असं केलं की लोक टीव्हीपुढं बसून शिव्या देतात. आमच्या गल्लीत मात्र दोन दिवसांत सरांच्या घरी पेढे घेऊन जाणाऱ्यांची रांग लागली, त्यात जिनेवाले सगळ्यांत पुढं.

काही बदललं नाही असं मी म्हणणार नाही. कलम १६० प्रमाणे जुन्या चेअरमननं दप्तर आणि मालमत्ता नव्याकडं सोपवायची असते, त्यामुळं किल्ल्या, पेटी, चेकबुक अप्पांच्या घरातून निघालं. बँकेत सह्या बदलायला ठरावाच्या प्रती, केवायसी, फोटो करता करता जीव गेला, पण बदलल्या. कार्यालय टाकीखालच्या खोलीत आलं. पाण्याचं वेळापत्रक फळ्यावर लागतं, तिन्ही गल्ल्यांना सारखं. मांडवाच्या भाड्याची पावती फाडली जाते. राहिलेल्या ट्रान्सफरचे अर्ज एकेक करून निकाली निघतायत. जुन्या भाड्याची चौकशी मात्र अडली आहे. कलम ८३ खाली पुन्हा एक पंचमांश सभासदांची मागणी लागते, आणि सरांचं म्हणणं, जुनं उकरून काय मिळणार? त्यांची खुर्ची अप्पांच्या चार मतांवर आहे, त्यांना दुसरं काय म्हणता येणार?

आमचे पाच जण कमिटीत विरोधात बसतात. नवे सेक्रेटरी तरुण आहेत, नोकरीमुळं दिवसभर बाहेर, म्हणून आवक-जावकची वही त्यांनी माझ्या दुकानात ठेवली आहे. मानधन नाही. मत नाही. पण सोसायटीत येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या काउंटरवर येतो.

मागच्या आठवड्यात अप्पा दुकानात आले. सरांनी नवी मोटार बसवली, बिल कुणाला दाखवलं नाही, अप्पांनाही नाही, हे माझ्या कानावर होतं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. दप्तर तपासणीची विनंती. खाली सही.

"वहिनी," म्हणाले, "पोच मिळेल का?"

मी वहीत नोंद केली, शिक्का मारला, तारीख टाकली. झेरॉक्सचे दोन रुपये त्यांनी स्वतःहून काढून ठेवले.